अंगात रक्त नाही म्हणजे नेमकं काय नाही?

आमच्या घरामागे नगरपालिकेचं मैदान आहे. पहाटे पाचपासून तिथं पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली धावत असतात. मी सहाच्या सुमारास चार फेऱ्या मारायला जाते, तेव्हा त्यांचं निम्मं धावणं झालेलं असतं. त्यातली एक मुलगी आमच्याच आळीतली. बारावी झालेली, वडील नाहीत, आई भाजी विकते. मुलींना भरतीला आठशे मीटर धावावं लागतं. ही पहिले चार-पाचशे मीटर सगळ्यांच्या पुढे आणि मग एकदम ढेपाळायची. शेवटी शेवटी तर चालतच यायची. सराव घेणारे सर सगळ्यांसमोर म्हणायचे, "जिद्द नाही हिच्यात. आळशी आहे."

एकदा ती कट्ट्यावर पोटऱ्या चोळत बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "काकू, धाप लागतेच, पण धापेचं काही नाही. मांड्यांना कुणी दगड बांधल्यासारखं होतं. मन पळत असतं, पाय पळत नाहीत."

मन पळत असतं, पाय पळत नाहीत! आपल्यापैकी कितीजणी हे रोज दुपारी चार वाजता अनुभवत असतील? फक्त आपण धावत नसतो, म्हणून त्याला 'ढेपाळणं' म्हणत नाही. 'वय झालं', 'उन्हाळा बाधला', 'झोप झाली नाही' असं काहीतरी म्हणतो आणि चहा टाकतो. (या चहाबद्दल पुढे बोलायचंच आहे.)

सप्टेंबर २०२५ मध्ये 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार' या सरकारी अभियानात ठिकठिकाणी महिलांची आरोग्य शिबिरं झाली. आमच्याकडेही झालं. आमच्या महिला मंडळाकडे नावनोंदणीचं काम होतं. ही मुलगी आईला घेऊन आली, म्हणजे खरं तर आईच तिला ओढत घेऊन आली. हिमोग्लोबिन निघालं ८.१. बाईचं किमान १२ असावं असं मानतात. त्याच टेबलावर बोटाला लावायचं ऑक्सिमीटरही होतं. करोनाच्या दिवसांत आपण घराघरांत घेतलं होतं ना, तेच. त्यावर आकडा आला ९८.

आई बुचकळ्यात पडली. "अहो ताई, ९८ आलंय की! करोनात ९४ च्या वर असलं की चांगलं म्हणायचे. ऑक्सिजन भरपूर आहे म्हणजे. मग रक्त कमी आहे म्हणता ते कसं?"

प्रश्न अगदी रास्त होता आणि तेव्हा मला त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. मी बी.ए., तेही मराठी-इतिहासाची. शिबिरातल्या डॉक्टरबाईंना गर्दीतून मान वर करायला फुरसत नव्हती. मग घरी येऊन पुस्तकं काढली, त्या डॉक्टरबाईंनाही नंतर गाठलं. जे कळलं ते आपल्या एसटीच्या भाषेत सांगते.

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी म्हणजे लालपरी समजा. फुप्फुस हा डेपो. प्रवासी म्हणजे ऑक्सिजन. आणि स्नायू म्हणजे मांड्या, पोटऱ्या, दंड, पाठ ही सगळी गावं, जिथं प्रवाशांना उतरायचंय. एकेका लालपरीत हिमोग्लोबिनचे साधारण २७ कोटी बाक असतात. होय, कोटीच! प्रत्येक बाकावर चार जागा. प्रत्येक जागेवर लोहाचा एक कण आणि ऑक्सिजन त्या कणाला धरून बसतो. लोह नाही तर जागा नाही, जागा नाही तर प्रवासी नाही. रक्ताच्या पातळ पाण्यात ऑक्सिजन विरघळतो, पण अगदी नावापुरता. शंभर मिलिलिटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलिटर. बाकी सगळी वाहतूक लालपरीची.

आता ऑक्सिमीटर काय मोजतं? ज्या जागा आहेत, त्यांतल्या शेकडा किती भरल्यात, एवढंच. डेपोतून दहा गाड्या सुटायच्या ऐवजी सहाच सुटल्या आणि त्या सहाही गच्च भरल्या, तरी यंत्र '९८' दाखवणार. चार गाड्या सुटल्याच नाहीत हे त्या यंत्राला कळतच नाही. शरीरात लोह कमी पडलं की तांबड्या पेशी नुसत्या कमी होत नाहीत, त्या आकारानं लहान आणि फिकट होतात. म्हणजे गाड्याही कमी, आणि आहेत त्या मिनीबस! म्हणून त्या मुलीचं ९८ खरं होतं आणि ८.१ सुद्धा खरंच होतं.

थोडा हिशेब करू. आपण महिन्याचा किराणा जुळवणाऱ्या बायका, हिशेबाला काय घाबरायचं? एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. हिमोग्लोबिन १२ असेल तर शंभर मिलिलिटर रक्तात १६ मिलिलिटर ऑक्सिजन. ८ असेल तर पावणेअकराच्या आसपास. आपण स्वस्थ बसलेल्या असताना हृदय मिनिटाला अंदाजे पाच लिटर रक्त फिरवतं. म्हणजे १२ वालीकडे मिनिटाला ८०० मिलिलिटर ऑक्सिजन फिरतो, ८ वालीकडे साधारण ५३५. आणि बसल्या जागी शरीराची गरज किती? अडीचशेच्या आसपास.

म्हणजे दोघींचंही भागतं! म्हणूनच निवांत बसलेल्या बाईला रक्त कमी आहे हे कळत नाही. पण १२ वालीचा तिसरा हिस्साच खर्च होतोय, गाठीला भरपूर आहे. ८ वालीचा जवळजवळ निम्मा पगार घरभाड्यातच गेला. आता दोघींनी पाण्याचा हंडा कमरेवर घेऊन जिना चढायचा म्हटलं, की पहिली गाठीचं मोडते. दुसरीकडे मोडायला आहेच काय? तिचं हृदय मग कमी गाड्यांच्या जास्त फेऱ्या मारायला लागतं. छाती धडधडते ती त्यामुळे. पण फेऱ्या वाढवायलाही मर्यादा असतेच.

आता ऑक्सिजन नेमका योग्य गावीच कसा उतरतो? वाचताना मला सगळ्यात गंमत याचीच वाटली. गाडीत कंडक्टर नाही, बेल नाही, फलक नाही. तरी कामाला जुंपलेल्या स्नायूपाशी जास्त प्रवासी उतरतात आणि आराम करणाऱ्यापाशी कमी. डेन्मार्कमधले शास्त्रज्ञ ख्रिस्तियान बोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०४ मध्ये याची किल्ली शोधली. स्नायू राबू लागला की तो तापतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्याच्या आसपासचं रक्त किंचित आंबट होतं. या वातावरणात हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल होते. जिथं राबणं जास्त, तिथं पकड ढिली. म्हणजे स्नायूचं राबणं हीच कंडक्टरची बेल!

बोर यांच्या प्रयोगशाळेतच ऑगस्ट क्रोग नावाचे त्यांचे शिष्य होते. त्यांची पत्नी मारी क्रोग स्वतः डॉक्टर. फुप्फुस खटपट करून ऑक्सिजन रक्तात ढकलतं, असं गुरू बोर यांचं मत होतं. या नवरा-बायकोनं १९१० च्या सुमारास मिळून प्रयोग केले आणि ऑक्सिजन आपसूक झिरपतो, ढकलावा लागत नाही, हे दाखवून दिलं. गुरूला चूक ठरवायचं म्हणजे केवढं धर्मसंकट! मारीबाईंना चार मुलं होती आणि रुग्णही तपासायचे असायचे. त्यांच्याबद्दल आपल्याकडे फारसं छापून येत नाही म्हणून मुद्दाम सांगितलं. पुढं ऑगस्ट क्रोग यांनी स्नायूंमधल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या अभ्यासल्या. स्नायू आराम करत असतो तेव्हा यातल्या कित्येक गल्ल्या बंद असतात, काम सुरू झालं की उघडतात. १९२० चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. या गल्ल्या इतक्या अरुंद, की तांबडी पेशी अंग चोरून, एकेरी रांगेत जाते. तिथून पुढचं शेवटचं इवलंसं अंतर ऑक्सिजन स्वतः झिरपत स्नायूत पोचतो.

आणि स्नायूत पोचल्यावर? तिथेही लोह लागतंच. स्नायूचा स्वतःचा एक साठवणीचा डबा असतो, त्याला मायोग्लोबिन म्हणतात. त्यात लोह. ऑक्सिजन वापरून ताकद तयार करणारी जी चूल स्नायूच्या पेशीत असते, तिच्या भागांतही लोह. म्हणजे लोह कमी असलं की गाड्या कमी, कोठार रिकामं आणि चूलही मंद. ऑक्सिजन पुरला नाही तर स्नायू थांबत नाही, तो साखर अर्धवट जाळून काम रेटतो. पण नीट जाळलेल्या साखरेच्या एका रेणूतून ताकदीची तीसेक नाणी मिळतात, अर्धवट जाळलेल्यातून फक्त दोन! पाचशे मीटरनंतर त्या मुलीच्या मांड्यांना बांधलेले दगड हेच होते. जिद्दीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

हे मी त्या सरांनाही जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, मग निम्म्या मुलींना हेच असेल." टोमणा होता की प्रश्न, कळलं नाही. पण बोलले ते खरंच होतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. त्यात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के जणींना रक्तक्षय आढळला. आधीच्या २०१५-१६ च्या फेरीत ते प्रमाण ५३ होतं. आपल्या महाराष्ट्रात ४८ वरून ५४. म्हणजे कमी व्हायच्या ऐवजी वाढलं! देशातल्या पुरुषांमध्ये हेच प्रमाण २५ टक्के. मधल्या काळात, २०१८ मध्ये, 'अ‍ॅनिमियामुक्त भारत' मोहीम सुरू झाली होती. लहान मुलांना गुलाबी गोळी, शाळा-कॉलेजच्या वयाला निळी, बायकांना लाल. गरोदरपणी १८० दिवस रोज एक लाल गोळी आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. जंतांच्या गोळ्या वेगळ्या. कागदावर योजनेत काही कमी नाही.

या आकड्यांवरून तज्ज्ञांमध्ये वादही झाला. कुटुंब सर्वेक्षणात बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतात. बोट दाबून थेंब काढला तर त्यात आजूबाजूचं पाणी मिसळतं आणि आकडा कमी दिसू शकतो, असा आक्षेप आला. २०१६ ते २०१८ मध्ये मुलांच्या पोषणाचं एक राष्ट्रीय सर्वेक्षण झालं, त्यात शिरेतून रक्त घेतलं होतं. त्यात किशोरवयीन मुलींमध्ये रक्तक्षय ४० टक्के निघाला, म्हणजे कुटुंब सर्वेक्षणापेक्षा बराच कमी. पुढे सहाव्या फेरीतून रक्तक्षयाची मोजणीच वगळायची आणि त्यासाठी शिरेतल्या रक्ताचं वेगळं सर्वेक्षण करायचं, असं सरकारनं ठरवलं. मोजणी अचूक व्हावी हे मलाही पटतं. पण एक सांगा, ५७ ऐवजी ४० म्हटलं तरी दहातल्या चौघी झाल्या ना? आणि मुलग्यांमध्ये त्याच सर्वेक्षणात १८ टक्के होतं. मोजपट्टी बदलली तरी मुलगा-मुलगीमधली दरी काही मिटत नाही. एका घरात, एका चुलीवरचं खाऊन ही दरी कुठून येते, हा खरा प्रश्न आहे.

थोडी निसर्गातून येते. पाळीत महिन्याला साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, त्याबरोबर पंधरा-वीस मिलिग्रॅम लोह. ज्यांना ८० मिलिलिटरच्या वर जातं, त्यांचं तर विचारूच नका. एका गरोदरपणाचा लोहाचा एकूण खर्च हजार मिलिग्रॅमच्या घरात. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये जे प्रमाण ठरवलं, त्यात पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह आणि बाईला २९. आता आपल्या घरातलं ताट डोळ्यांसमोर आणा. कोणाला जास्त लागतं आणि कोणाच्या ताटात जास्त पडतं? शेवटी बसणारीच्या वाट्याला आमटीतलं पाणी आणि तळाची करपट भाजी. त्यात सोमवार, चतुर्थी, एकादशी. उपासाला माझा विरोध नाही, मीही करते. पण साबुदाण्यात लोह जवळजवळ नसतंच, हे आपण लक्षातच घेत नाही.

बाकीची दरी मात्र आपल्या सवयींतून येते. चहा! जेवणाआधी चहा, जेवणानंतर चहा, पाहुणे आले की चहा. शाकाहारी जेवणातलं लोह तसंही शेकडा पाच-आठ एवढंच अंगी लागतं. त्यावर लगेच चहा घेतला की चहातली तुरट द्रव्यं त्यातलंही अडवून धरतात. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवायला एक पैसाही लागत नाही. उलट लिंबू पिळलं, आवळा किंवा पेरू खाल्ला तर तेच लोह जास्त शोषलं जातं. माझ्या सासूबाई बाजरीची भाकरी आणि मेथीवर लिंबू पिळायच्या, बाळंतिणीला अळिवाची खीर द्यायच्या. त्यांना क जीवनसत्त्व माहीत नव्हतं. बीट लाल असतं म्हणून त्यानं रक्त वाढतं, ही समजूत मात्र सोडलेली बरी. रंगाचा आणि लोहाचा संबंध नाही. गुळातही आपण समजतो तेवढं लोह नसतं.

आणखी एक गोष्ट बायका कुजबुजत सांगतात. माती खावीशी वाटते. पाटीवरची पेन्सिल, खडू, कच्चे तांदूळ. घरचे हसतात किंवा रागावतात. तो चाळा नसून बरेचदा अंगात लोह कमी असल्याची खूण असते. आमच्याच शिबिरात तीस-बत्तिशीच्या एका सुनेनं पदराच्या गाठीत पेन्सिलीचे तुकडे ठेवले होते.

आता गोळ्यांकडे येते. गोळ्या मिळतात, घरी येतात आणि डब्यात पडून राहतात. मळमळतं, बद्धकोष्ठता होते, शौचाला काळं होतं, मग बाई घाबरून सोडते. काळं होणं हे अपेक्षितच आहे, एवढं एक वाक्य गोळ्या देताना कोणी सांगितलं तर किती पाकिटं वाचतील! गोळी दुधाबरोबर, चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घ्यायची नसते. अलीकडच्या काही वर्षांतल्या अभ्यासांत असंही दिसलंय, की गोळी घेतल्यावर शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते दुसऱ्या दिवशी लोहाला दार लावून घेतं. त्यामुळे काहीजणींना डॉक्टर एकाआड एक दिवस गोळी देतात. आपल्या मनानं मात्र बदल करू नये, विशेषतः गरोदर बायकांनी. आणि हिमोग्लोबिन १२ वर आलं की लगेच गोळी बंद करायची नसते. गाड्या रस्त्यावर आल्या, पण डेपोत सुटे भाग नाहीत, अशी ती अवस्था. कोठार भरायला पुढे आणखी तीनेक महिने लागतात.

मध्यंतरी रेशनवर लोह घातलेला तांदूळ यायला लागला, तेव्हा आमच्याकडच्या बायका त्यातले वेगळे दिसणारे दाणे 'प्लास्टिकचे' म्हणून निवडून कोंबड्यांना टाकत होत्या! चूक त्यांची नव्हती. योजना घरात येते, पण तिचा अर्थ सोबत येत नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीणचा अर्ज भरायला रात्रीपासून रांगा लागल्या होत्या, कारण त्यात काय मिळणार हे प्रत्येकीला ठाऊक होतं. हिमोग्लोबिन वाढल्यानं काय मिळणार, हे कुणी सांगितलंय आपल्याला?

काय मिळतं त्याचा एक पुरावा श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांतला आहे. रक्तक्षय असलेल्या चहा खुडणाऱ्या बायकांमध्ये काहींना लोह दिलं आणि काहींना नुसतीच दिसायला तशी गोळी. १९७९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो अभ्यास छापून आला. लोह मिळालेल्या बायकांनी दिवसाला जास्त पानं खुडली. ज्यांचं रक्त आधी जास्त कमी होतं, त्यांच्यात सुधारणाही जास्त दिसली. काम संपल्यावरही त्या आपणहून जास्त हिंडत-फिरत होत्या. ही शेवटची ओळ मी दोनदा वाचली. मालकाला जास्त पानं मिळाली ते ठीक, पण संध्याकाळ त्या बाईला परत मिळाली!

आता हेच चित्र आपल्या ऊसतोडीच्या बाईला लावून पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर उचल घेतलेली. पहाटे थंडीत तोड सुरू, मग तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. एक दिवस चुकला की खाडा. याच्याइतकं स्नायूंचं काम कुठल्या भरतीच्या मैदानावर नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. अंगावर जास्त जातं, काम बुडतं, म्हणून पिशवीच काढून टाकायची. त्या चर्चेत डॉक्टर, मुकादम, पैसा या सगळ्यावर बोललं गेलं आणि ते योग्यच झालं. मला राहून राहून वाटतं ते एवढंच, की अंगावर जास्त जाणाऱ्या बाईच्या रक्तात किती लोह उरलंय, हे तपासायला पंचवीस-तिशीतच कुणी पुढे का आलं नाही? मोळी उचलताना पाय लटपटले की मुकादमही 'आळशी'च म्हणत असणार.

एक खबरदारीची सूचना. प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. विदर्भात, नंदुरबारकडे आणि इतर आदिवासी भागांत सिकलसेल आहे. तिथं लालपऱ्यांचा सांगाडाच वाकतो, कोयत्यासारखा होतो आणि त्या अरुंद गल्लीत अडकतात. त्यासाठी २०२३ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिची तपासणी वेगळी असते. थॅलेसेमियाचंही तसंच, तिथं लोहाच्या गोळ्या उपयोगी तर नाहीतच, काहींना त्रासदायकही ठरतात. तेव्हा तीन महिने नेमानं गोळ्या घेऊनही आकडा हलला नाही, तर पुढची तपासणी मागून घ्या. मागून घ्यायला लाजू नका. मूळव्याधीचं रक्त, जास्त दिवस चालणारी पाळी या गोष्टीही डॉक्टरांना आपणहून सांगाव्या लागतात, त्या विचारतीलच असं नाही.

आमच्या धावपटूचं पुढं काय झालं? गोळ्या सुरू झाल्या. महिन्यानं ९.४, तीन महिन्यांनी ११.२. एके दिवशी सकाळी मला मैदानावर थांबवून म्हणाली, "काकू, आज शेवटच्या फेरीत पाय माझ्याजवळच होते." भरतीचं काय होईल ते होईल, जागा थोड्या आणि मुली शेकड्यांनी असतात.

मुलीला तपासणीला नेताना प्रत्येक वेळी आई सोबत यायची. भाजीची पाटी बाहेर ठेवून, दाराशी उभी. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "अगं, तू पण बोट पुढं कर की."

"मला काय झालंय ताई? मी तर दिवसभर उभी असते."

मुलीनंच तिचा हात धरून टेबलावर ठेवला. आकडा आला ७.४. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग पाटी डोक्यावर घेता घेता हळूच विचारलं, "ताई, बाजारात सकाळपासून चार वेळा चहा होतो माझा. मग भाकरी कधी खायची?"